बांबूचं दुसरं टोक

मी गाव सोडलं त्या सकाळी आमच्या होडीची डिझेलची टाकी किनाऱ्यावर वाळत पडली होती. अठ्ठ्याहत्तर सालचा मे महिना संपत आला होता. खाडीतल्या होड्या पावसासाठी वर ओढून झावळ्यांनी शाकारणं चालू होतं. बाबांनी टाकी रिकामी करून रॉकेलने धुतली होती आणि तोंड उघडं ठेवून उन्हात घातली होती. तेवढ्यात आखातातल्या नोकरीच्या एजंटचा निरोप आला, आजच मुंबईला निघा. "टाकी आधी घरात घेवया, मगे जा," बाबा म्हणाले. पण एसटी कुणासाठी थांबत नाही. चढावरून वळून पाहिलं तेव्हा बाबा टाकी टांगायच्या बांबूचं एक टोक खांद्यावर घेऊन उभे होते. दुसरं टोक वाळूत टेकलेलं होतं.

तुमच्यापैकी जे शहरात वाढले त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या घरी टाकी पावसाळाभर पडवीत राहायची, चुलीच्या भिंतीला लागून, म्हणजे तिला दमट हवा लागत नाही. तोंडाला स्वच्छ फडकं, वर हळदकुंकू. नारळी पौर्णिमेला ती परत होडीत जायची. बांबूला टांगून ती आणायची घरच्याच दोघांनी, गडी लावायचा नाही. आणि बाईमाणसाने तिला हात लावायचा नाही, हा आजोबांपासूनचा दंडक. आईने जन्मभर डोक्यावरून मासळी वाहिली, पण टाकीला तिचं बोट लागलं नव्हतं. म्हणून निघताना मी बाबांना शब्द दिला होता, पुढच्या मेमध्ये येतो, टाकी आपण दोघंच उचलू.

कतारमधल्या मेसईदला, म्हणजे तेव्हाच्या उम्म सईदला, मला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फिटरचं काम मिळालं. पंपांबरोबर साहेब लोकांच्या बोटीही आमच्याच गळ्यात होत्या. जून लागला की साहेबांची कुटुंबं विलायतेला जात आणि बोटी शेडमध्ये येत. वर्कशॉपच्या भिंतीवर विलायतेहून आलेला छापील कागद होता, बोट विंटरमध्ये कशी ठेवायची त्याचा. कतारमध्ये विंटर म्हणजे बोट चालवायचे दिवस, पण कागदावर विंटर होतं म्हणून सगळे विंटरच म्हणत. अंगाची लाही होत असताना आमचा केरळी फोरमन हाक मारायचा, "यल्ला भाई, विंटर चालू." आणि आम्ही तापलेल्या पत्र्याखाली घाम पुसत विंटर चालू करायचो.

पहिल्याच जूनला मॅनेजरसाहेबांची छोटी बोट माझ्याकडे आली. तिची टाकी सुटी होती, उचलून नेता येईल अशी. मी ती रिकामी केली, धुतली, उन्हात वाळवली, तोंडाला फडकं बांधलं आणि संध्याकाळी कॅम्पमधल्या माझ्या खोलीत नेऊन खाटेच्या डोक्याशी ठेवली. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. टाकी रिकामी झाली की ती घरात येते, एवढंच मला माहीत होतं. कुंकू नव्हतं, म्हणून नुसता हात जोडला.

दुसऱ्या दिवशी सिक्युरिटीवाले आले. पेट्रोलची टाकी राहत्या खोलीत ठेवणं धोक्याचं आहे, असं म्हणाले असते तर मी मान खाली घातली असती, कारण ते खरंच होतं. पण ते म्हणाले, चोर. साहेबांची टाकी चोरून विकायला ठेवली. चोरणारा माणूस टाकीला धुतलेलं फडकं बांधतो का? मी मोडक्या हिंदीत सांगत राहिलो, हमारे घर में ऐसा करते हैं. मॅनेजर हसला. तो हसला याचा मला चोर म्हणण्याहून जास्त संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही. नोकरी राहिली, पण फोरमनने कबूल केलेली मेमधली रजा खलास झाली. पुढे कायमचं ठरलं, बोटी शेडमध्ये यायच्या दिवसांत, मे-जूनला, याने इथेच राहायचं, घरी जायचं ते डिसेंबरात. डिसेंबरात घरी जाऊन मी काय करणार होतो? तेव्हा टाकी होडीत असते आणि होडी समुद्रात.

पुढच्या वर्षी दोह्याला गाववाला भेटला. हसत हसत म्हणाला, "अरे, तुझी आवस आता बांबू खांद्यार घेता. बापूस पुढे, ती मागे. सगळो गाव बघित रवता." आईबद्दल असं हसतो म्हणून मी त्याच्याशी भांडलो. मी कळवलं होतं की गडी लावा. बाबांनी गडी लावला नाही. घरच्या दोघांनी उचलायची हा दंडक त्यांनी राखला आणि बाईने हात लावायचा नाही हा मोडला. दोन्ही राखायला तिसरं माणूस लागतं, आणि ते इथे परक्याच्या बोटीचं विंटर करत होतं.

मला मेमध्ये रजा मिळाली ती मॅनेजर बदलल्यावर, बऱ्याच वर्षांनी. नवा टेरिलीनचा शर्ट घालून किनाऱ्यावर गेलो. टाकी बांबूला टांगून तयार होती. आईने साडीची चुंबळ करून खांद्यावर ठेवली होती. मी बांबूकडे गेलो तर बाबा सहज म्हणाले, "तू बस. तू पावणो."

"ते टोक माझं आहे," मी ओरडलोच. आई बाजूला झाली. आम्ही उचलली. चढाला लागलो आणि माझा पाय जुळेना. टाकी हेलकावत बाबांच्या टाचांवर आपटू लागली. दोन वळणं त्यांनी सोसलं. मग थांबले. रागावले नाहीत. म्हणाले, "हिका दी. तिका सवय झाली हा." मी दिलं. ती दोघं एका चालीने चढ चढून गेली, आणि मी मागून टाकीचं झाकण हातात घेऊन चाललो.

आता बायको आणि मुलगी इथे आहेत, दोह्यात दोन खोल्या आहेत. मुलगी शाळेत घराचं चित्र काढते, त्यात एसी असतो. मला विचारते, "बाबा, व्हेअर इज युवर होम?" मी गावाचं नाव सांगतो. पुढचं सांगत नाही. गावात राहिलेल्यांना वाटतं आम्ही मजेत आहोत. आहोतही. पण मे संपत आला की मला तो चढ दिसतो, पुढे बाबा, मागे आई, आणि माझे दात आवळले जातात. यंदाही ती दोघंच उचलतील. आईला सवय झाली असेल. पण ते टोक माझं होतं.