आमच्या व्हॅनचा गंज

नवरा गेल्यानंतर मी मांडवगण फराट्यातलं घर बंद केलं आणि दौंडला आले. इथल्या एका शाळेत नोकरी मिळाली होती. भांडी, कपाट, पुस्तकं टेम्पोत घातली आणि टेम्पोच्या मागं आमची जुनी पांढरी व्हॅन माझी मीच चालवत आणली. रेल्वेलाइनच्या पलीकडे भाड्यानं घर मिळालं होतं. समोरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये बाभळीखाली व्हॅन लावली, किल्ली कपाटाच्या खणात टाकली, आणि मग त्या गाडीत बसलेच नाही.

ती व्हॅन आम्ही हौसेनं घेतली नव्हती. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिससाठी दौंडच्या वाऱ्या सुरू झाल्या. एसटीतून परत येण्याइतकं त्राण त्यांच्यात उरत नसे. म्हणून व्हॅन घेतली आणि चालवायला मी शिकले. मागची सीट काढून गादी टाकली. परतताना ते गादीवर आडवे असायचे, आणि भीमेचा पूल ओलांडला की बहुतेक वेळा त्यांना उलटी व्हायची. पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागून हॉर्न. मी वळून बघायचे तर ते हातानंच खुणावायचे, "थांबू नकोस, घरी चल."

घरी आल्यावर त्यांना आत निजवायचे आणि गाडीच्या तळावर बादल्या ओतायचे. मॅट उचलून खराट्यानं घासायचे. ओतलेलं पाणी कुठं मुरतं हे बघायला कुणाला सवड होती? दारांच्या खालच्या कडा सडल्या त्या तिथूनच. गंज बाहेरून दिसायला लागला तेव्हा ते अंथरुणावरून उठेनासे झाले होते.

दौंडला आल्यावर लोक विचारायचे, गाडी विकून का टाकत नाही? मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. खरं सांगायचं तर ती सडावी अशीच माझी इच्छा होती. त्यांच्या आजारपणात मला कशाकडेच शांतपणे बघता आलं नव्हतं. सतत पळापळ, रक्ताचे रिपोर्ट, तिकडच्या शाळेतल्या रजा, पथ्याचा स्वयंपाक. रडायलासुद्धा उसंत नव्हती. आता रोज जाता-येता मी त्या गाडीकडे बघत उभी राहायचे. रंगाखाली फोड यायचे, फुटायचे, पत्र्याचे पापुद्रे सुटायचे. पाऊस पडून गेला की दाराखालून तांबडं पाणी ओघळायचं. हे सगळं हळूहळू होत होतं, आणि मला ते तसंच हवं होतं. कुणाला सांगितलं असतं तर वेड लागलं म्हणाले असते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी डाव्या दाराच्या कडेचे पापुद्रे नाहीसे झालेले दिसले. हात लावला तर गुळगुळीत. पुढं काही दिवसांनी तिथं तांबड्या प्रायमरचा पट्टा आला. मग चाकावरची कमान घासली गेली, आणि दारावर, कमानीवर पांढरा रंग लागला. आमच्या गाडीच्या पांढऱ्यापेक्षा तो निळसर होता, आणि त्याचे ओघळ तसेच सुकले होते.

मी घाबरले. एकट्या बाईच्या दारासमोरच्या वस्तूवर कुणीतरी ती घरात नसताना हात फिरवत होतं. चोर असता तर रंगवत कशाला बसला असता? मग हा कोण आणि त्याला काय हवंय? मी दाराला आतून आणखी एक कडी बसवून घेतली.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. प्लॉटमध्ये पोत्यावर बसून एक म्हातारे गृहस्थ मागच्या दाराला सँडपेपर घासत होते. शेजारी रॉकेलची बाटली आणि चिंध्या.

"काय चाललंय हे?"

ते दचकून उठले. "इथं कोपऱ्यावरच राहतो, ताई."

"गाडी माझी आहे."

"व्हय, ठावं हाय."

"मग एकदा विचारावंसं वाटलं नाही?"

"इचारलं आसतं तर तुम्ही न्हाई म्हणाला आसता."

"म्हणजे मी नाही म्हणणार हे माहीत होतं, तरी केलंत."

ते सँडपेपरची घडी करत राहिले. मग म्हणाले, "येता-जाता डोळ्यात खुपायची. म्हटलं, तुम्ही टाकूनच दिलीय. वाईट तर काय केलं न्हाई."

"टाकलेली नाही. ठेवलेली आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "माझ्या नवऱ्याला दवाखान्यात नेऊन नेऊन ती अशी झाली. तिला पुन्हा हात लावायचा नाही."

त्यांनी चिंध्या पोत्यात भरल्या आणि मान खाली घालून गेले.

शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, ते रेल्वेतून रिटायर झालेले काका. बायको अंथरुणाला खिळलीय, अर्धांगवायू. मुलगी पाबळला दिलीय, ती येऊन-जाऊन असते. बाकी सगळं तेच करतात."

हे ऐकून राग गेला नाही. नुसता राग धरणं मात्र अवघड झालं. एका संध्याकाळी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. खोली लख्ख होती. खाटेवर त्यांची बायको पडून होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे तेवढे माझ्यामागं फिरत होते. काका तिला चमच्यानं पेज भरवत होते.

"हिचं काय बी केलं तरी उद्या हाय तसंच," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "लोखंड घासलं तर खालनं निदान चांगलं निघतं."

मला समजलं. मलाही असंच एका माणसाला धूत-पुसत दिवस काढायला लागले होते. पण जीभ माघार घेईना. "तरी विचारायला हवं होतं, काका."

"व्हय," ते म्हणाले. "इचारायला पायजे होतं."

थंडी ओसरत आली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी मी शाळेसाठी डबा भरत होते. दार धडाधडा वाजलं. काका होते, पायात चप्पल नव्हती.

"ताई, गाडी चालू हुईल का? हिला दम लागलाय. ॲम्ब्युलन्सला फोन केलाय, येती येती म्हणत्यात."

मी किल्ली शोधून पळाले. दार उघडलं तर आतून कोंदट वास आला. गादी तशीच होती. मी सीटवर बसले, किल्ली फिरवली. काही नाही. साधा खटकासुद्धा नाही. ते रंगवलेल्या दाराला हात लावून उभे होते.

"पुन्यांदा बघा."

मी पुन्हा फिरवली. मला पहिल्याच वेळी कळलं होतं.

"बॅटरी संपलीय, काका. गाडी किती दिवस उभीच आहे."

"पन चांगली दिसती की," ते म्हणाले.

रंग आपणच लावलाय हे ते त्या क्षणी विसरले होते. मी उतरून रस्त्याकडे पळाले.

दुधाच्या पिकअपवाल्याला आम्ही हात करून थांबवलं. कॅन उतरवले आणि खाटेवरच्या गादीसकट काकूंना वर चढवलं. मी मागं बसून त्यांचं डोकं धरलं होतं. दुपारपर्यंत त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता. काकांनी त्यांना तेच पुन्हा विचारलं आणि तेच उत्तर पुन्हा ऐकून घेतलं.

त्यांनी विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, हे खरंच आहे. पण नाही म्हणताना दोन शब्द बोलले असते. गाडी कधीची बंद आहे, बॅटरीही गेली असेल, एवढं तरी त्यांच्या कानावर पडलं असतं. कदाचित मला त्यांच्या बायकोबद्दल आधी कळलं असतं, आणि दारात चालू गाडी असावी असं वाटलं असतं. लपून केलेल्या चांगल्या कामात समोरच्याचं काहीच ऐकायला मिळत नाही. तेव्हा मी हे त्यांना बोलले नाही. आजही त्यांना दोष देताना माझं मन पुरतं धजत नाही, आणि माफ करतानाही नाही.

तेरावा झाल्यावर मुलगी काकांना पाबळला घेऊन जाणार होती. निघायच्या आदल्या दिवशी ते माझ्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

"उजवी बाजू राह्यलीय," ते म्हणाले. "करू का? इचारतोय."

"नको, काका."

"बरं."

चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले.

उन्हाळ्यात मी भंगारवाल्याला निरोप धाडला. तो आला त्या दिवशी मी वर्गावर होते. संध्याकाळी परत आले तेव्हा बाभळीखाली तेलाचे डाग होते आणि चाकं ओढल्याचे चर होते. मी आत गेले, पंखा लावला आणि डबा धुवायला घेतला.