सरांच्या पेटीचा स्पीड

कूलरच्या टपात पाणी साचावं तसे आमच्या कॉम्प्युटर क्लासात किस्से साचायचे. आज उपसले, की उद्या पुन्हा तेवढेच!

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. क्लास धरमपेठेत, खानझोडे सरांचा, आणि मी तिथे शिकवायचो. मशीनसाठी एसी होता, त्यामुळे मे महिन्यात घरमालकीण कमलकाकू तुरीची डाळ निवडायला आमच्याकडेच येऊन बसायच्या. मी एकदा विचारलं, "काहून काकू, कोर्सला नाव घालता का?"

"नाही गा! तुह्या मशीनले गरम होते, मले नाही होत का?"

---

सरांच्या मेहुण्याने अमेरिकेहून एक लॅपटॉप आणला. वजनाला शिलाई मशीन! हा मांडीवर घेतात, असं सरांनी अभिमानाने सांगितलं.

काकूंनी उचलून पाहिला आणि धपकन टेबलावर ठेवला. "याच्याहून माही नात हलकी हाय, सर!"

---

पण लॅपटॉपची ही पेटी फार हळू चालायची. सरांनी मेकॅनिक मोरेश्वरला बोलावलं. "यातला प्रोसेसर काढून मोठा बसव."

"नाही जमत सर. डाख देऊन पक्का केला हाय तो."

"अरे, स्कूटरचं इंजिन बदलतात की!"

"स्कूटर बंद पडली तं ढकलत नेता येते, सर."

---

काकू म्हणाल्या, उन्हाने सुस्तावली असेल. सरांनी पेटी एसीपुढे ठेवली आणि दिवसभर तिच्याजवळ बसले. पेटी होती तेवढीच हळू, सरांना मात्र पडसं झालं! त्यांचा तिच्यावर फार जीव होता, आणि आमचा सरांवर.

---

त्या वर्षी मुलंच आली नाहीत. सावनेरला कापसाचा जिन असलेल्या एका शेठजींचं पगारपत्रकांचं काम मिळालं तरच क्लास टिकणार होता. सरांनी पेटी एसटीत अख्खा रस्ता मांडीवर नेली. मी सोबत होतो.

शेठजींपुढे पेटी सुरू केली, हिशेब टाकला. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. चहा आला, थंड झाला. म्हातारे मुनीमजी गालात हसत होते.

"काहून मास्तर, अडली का?" शेठजींनी विचारलं.

सरांनी रुमालाने पडदा पुसला. "नाही शेठजी... विचार करून राहिली. पुढे स्पीड वाढवून घेऊ."

शेठजींनी वाकून पडदा पाहिला. मग मुनीमजींकडे वळून म्हणाले, "पाहा! इतक्या वर्षांत आपल्या जिनात पहिल्यांदाच कोणी विचार करून राहिलं!"

आणि सरांना म्हणाले, "काम तुमचं. पण मास्तर, स्पीड नका वाढवू!"