दोडक्याच्या वेलाची जाळी

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. ते भरवेलीच्या मँगनीज खाणीत कामाला होते. सारा जन्म मशीनच्या आवाजात गेल्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचे. निवृत्त होऊन आमच्याकडे बालाघाटला आले आणि थोड्याच दिवसांत त्यांना लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. आपले शब्द धड उमटत नाहीत, याची त्यांना फार लाज वाटे. कुणी भेटायला आलं की झोपेचं सोंग घ्यायचे. पुढे माझ्याशीही खुणांनीच बोलू लागले.

"बोटांना काम द्या," डॉक्टर म्हणाले होते. रबरी चेंडू आणला, तर मामाजींनी तो पलंगाखाली ढकलून दिला.

त्या पावसाळ्यात मी अंगणाच्या भिंतीला बांबूच्या कमट्यांची जाळी ठोकली आणि खाली दोडका लावला. एका सकाळी पाहते, तर मामाजी खुर्ची ओढून तिथं बसलेले. डाव्या हातानं वेल जाळीशी धरलेला आणि उजव्या हाताच्या बोटांनी सुतळीची गाठ मारायची धडपड. मी मदतीला गेले, तर डोळे वटारले. मी गुपचूप आत आले. मग ते रोजच तिथं बसू लागले.

दोडके लागले आणि एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला. वरचे खिळे उपटून जाळी पुढे कलली. मी धावले, तोवर मामाजींनी तिला खांदा लावला होता.

"सुतळी आन! पाहत काहून उभी राह्यली?" ते ओरडले.

शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "भाईसाहब, छोड़िए, चोट लग जाएगी!"

"कैसे छोडूँ? बेल टूट जाएगी! उधर से पकडो!"

अर्धे शब्द तोंडातच राहिले होते, पण काकूंना कळलं. त्यांनी पलीकडून जाळी धरली, मी बांधली. एक वेल मोडलाच. दुसरा वाचला.

मामाजी धापा टाकत खुर्चीत बसले. "मले चहा दे," म्हणाले. "अन् त्याईलेही."

त्यांची जीभ पूर्ण सुटली नाही. पण आता कुणी आलं की ते बोलतात. समजलं नाही तर चिडून पुन्हा सांगतात. यंदा जाळीवर काय लावायचं, यावरून आमचं वाजलंय. मला मधुमालती हवी आहे, ते कारल्यावर अडून बसलेत.