कोऱ्या डिशमधला हिरवा उजेड

"डिशेस बदलल्या असतील" अशी कमेंट टाकायला ज्यांचे हात शिवशिवतायत त्यांनी कृपया थोडं थांबावं. ती कमेंट मी स्वतःला पहिल्याच दिवशी टाकली होती. माझ्या पीएचडीच्या सरांनी दुसऱ्या वेळी टाकली. त्यानंतर आम्ही काय काय केलं ते आधी वाचा, मग बोला.

मी या ग्रुपवर इतकी वर्षं फक्त खोड्या काढायला येते, हे जुन्या लोकांना माहीत आहे. चकवा, देवचार, खवीस... आमच्या आळीत या भुतांच्या गोष्टी फुकट मिळायच्या. लहानपणी मी विचारायचे, "मग त्याचं पोस्टमॉर्टेम झालं का?" आणि आत्या मला उठवून लावायची. पुढे पीएचडीला लागले, तेव्हा तर प्रश्नच मिटला. त्यामुळे आज हे लिहिताना मला भीती वाटत नाहीये, संताप येतोय. तो का, ते कळेलच.

रत्नागिरी शहराबाहेर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर आमची संस्था आहे. नाव विचारू नका. दुसऱ्या मजल्यावर लॅब आणि तळमजल्यावर मागच्या अंगाला उंदरांची खोली. आमचं काम डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, रेटिनावर. उंदराची आठवड्याभराची पिल्लं घ्यायची, त्यांना मारायचं (हो, मारायचं, त्याला गोंडस शब्द मी वापरत नाही), रेटिना अलगद सोडवायचा, एन्झाइममध्ये सुटा करायचा आणि त्यातून एकाच जातीच्या पेशी वेगळ्या काढायच्या. मग सिद्ध करायचं की आपण काढल्या त्या त्याच पेशी आहेत.

हे सिद्ध करणं म्हणजे काय, तेवढं समजून घ्या, कारण सगळं त्यावरच आहे. पेशींवर आधी एक अँटिबॉडी घालतात, ती फक्त हव्या त्या पेशीला चिकटते. मग दुसरी घालतात. ती पहिलीला चिकटते, आणि तिच्या अंगात हिरवा रंग असतो. मायक्रोस्कोपखाली हिरवं दिसलं की काम फत्ते. अशा तीन डिशेस करायच्या आणि सोबत एक कोरी डिश ठेवायची. तिच्यात पहिली अँटिबॉडी घालायचीच नाही, फक्त दुसरी. चिकटायला काही नाही, म्हणून ती काळीच दिसली पाहिजे.

आता शिरधनकर काका. उंदरांची खोली त्यांची. संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावचे, बावीस वर्षं याच खोलीत. आमच्याकडे दोन जातींचे उंदीर, दोन्ही काळेकुट्ट. एक जात धडधाकट, दुसरीचा रेटिना जन्मानंतर थोड्याच दिवसांत मरायला लागतो. नुसतं बघून ब्रह्मदेवालाही ओळखू येणार नाहीत, पिंजऱ्यावरच्या कार्डावरच सगळं. म्हणून काकांचा नियम होता, एका वेळी एकच पिंजरा उघडायचा. त्याचं कार्ड परत लागल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

मार्चमध्ये काका शिमग्याला गावी गेले. देवाची पालखी घरी येणार म्हटल्यावर कोकणातला माणूस थांबत नाही, आणि सरांनी तोंडी रजा दिली होती, माझ्यासमोर. खोलीची चावी माझ्याकडे आली. तिसऱ्या दिवशी मला वास आल्यासारखा वाटला, म्हणून मी पिंजरे साफ करायला घेतले. घाई होती. दोन पिंजऱ्यांची कार्डं एकदम काढून टेबलावर ठेवली आणि परत लावताना उलटी लावली.

हे महिन्याने कळलं, जात ओळखायला शेपटीच्या तुकड्याची तपासणी झाली तेव्हा. तोवरचं सगळं काम आजारी उंदरांवर झालेलं. सर पेटले. काकांना वर बोलावलं आणि म्हणाले, शिमगा महत्त्वाचा की संशोधन, न सांगता कसे गेलात? न सांगता! काका माझ्याकडे बघत नव्हते. पिंजऱ्यांची जबाबदारी माझी साहेब, एवढंच म्हणाले. मी सरांच्या मागे दोन फुटांवर उभी होते. तोंडातून शब्द काढला नाही. काका कंत्राटदाराचा माणूस, त्याच आठवड्यात त्यांना घरी बसवलं.

मला शिव्या घालायच्या असतील तर इथे घाला. त्या लागू आहेत.

नवी पिल्लं आली. शेपट्या तपासल्या, जात बरोबर. मी पेशी काढल्या, अँटिबॉडी घातल्या, मायक्रोस्कोपला डोळे लावले. तिन्ही डिशेस काळ्या आणि कोरी डिश हिरवी. पेशी न् पेशी झळकत होती.

मीही म्हटलं, बदलल्या. पुढच्या वेळी डिशच्या काचेवर खालून हिऱ्याच्या पेनने आकडे कोरले. तेच झालं. मग सरांनी स्वतः केलं, माझ्यावर चार वाक्यं फेकत. तेच. अँटिबॉडीची नवी बाटली मागवली आणि चौथ्या वेळी मुग्धाला घेतलं. मुग्धा माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते, तिचा विषय वेगळा, आमच्याशी देणंघेणं नाही. कोणत्या डिशमध्ये काय घालायचं हे तिने ठरवलं, चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. आम्ही बघितलं, एक हिरवी, तीन काळ्या. तिने चिठ्ठी उघडली आणि खुर्चीत बसली. हिरवी होती ती कोरी. भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, तीन शिकलेली माणसं त्या चिठ्ठीकडे बघत होती.

जिथे काही घातलंच नाही तिथे रंग चिकटतो एक वेळ, रसायन खराब असलं तर. पण मग तो सगळीकडे चिकटेल ना? घातलंय तिथे नाही आणि नाही तिथे आहे, हे कसं होतं ते मला कोणी सांगावं.

पाचव्यांदाच्या डिशेस पहिल्या अँटिबॉडीसकट फ्रीजमध्ये होत्या, आदल्या संध्याकाळी ठेवलेल्या. सकाळी सर आले आणि शांतपणे म्हणाले, "फोटोंची नावं बदल. कोऱ्याला खरं म्हण, खऱ्याला कोरं. कोण येतंय बघायला?"

माझ्या डोक्यात काहीतरी सणकन गेलं. मी ओरडले. लॅबमध्ये मी कधी आवाज चढवलेला नाही, त्या दिवशी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये लोक थांबले. कार्डं मी बदलली होती म्हटलं. काकांना तुम्ही रजा दिली होती, माझ्यासमोर दिली होती, आणि मी गप्प बसले. सर म्हणाले, हे बाहेर बोलू नकोस, थिसिस जाईल तुझा. मी तिथेच बसून संस्थेच्या डायरेक्टरांना सगळं लिहून मेल केलं. त्यातच सकाळ गेली, त्यामुळे उरलेलं काम मुग्धाने केलं. मी त्या डिशेसना बोटही लावलं नाही.

बाराच्या सुमारास मुग्धाने हाक मारली. तीन हिरव्या, कोरी काळी.

त्या डिशेस आदल्या दिवशीच्या होत्या, हे लक्षात घ्या. बाटली तीच आणि पिल्लंही त्याच विणीची. सर म्हणाले, बघ, टेन्शन गेलं तुझं, हात स्थिर झाला. कुणाचा हात? मी तर खुर्चीत बसून होते. पण त्यांना हिरवं मिळालं होतं, त्यांचा विषय संपला.

डायरेक्टरांनी मला बोलावून चहा पाजला. प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. काका कंत्राटदाराकडचे, जागा भरली गेली आहे, आता तो विषय उकरण्यात अर्थ नाही म्हणाले. मला शिक्षा काय? पुढे काळजी घे. बस्स. थिसिस जागच्या जागी.

पुढच्या रविवारी मी काकांच्या गावी गेले. अंगणात बसून ते कोकमासाठी रातांबे फोडत होते, हात कोपरापर्यंत लाल. काकूंनी पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, डिशेसचंसुद्धा. डिशेसचं त्यांनी ऐकल्यासारखंही केलं नाही. कार्डांचं ऐकून मान हलवली.

"मना म्हायत व्हता म्याडम," ते म्हणाले. "चावी तुमच्याकडंच व्हती. आनि मी पिंजरे धुवूनच गेलेलो शिमग्याला. चार दिवस हात लावायची गरज नव्हती."

मग तेव्हाच का नाही बोललात, मी जवळजवळ भांडल्यासारखं विचारलं. त्यांनी हातातला रातांबा फोडला, बिया एका टोपात टाकल्या, साल दुसऱ्यात.

"तुमी तिथंच व्हतात," ते म्हणाले. "मना वाटला, तुमी सांगाल."

परतीच्या एसटीत मी रडले नाही. मला कुणाला तरी मारावंसं वाटत होतं, आणि मारण्यासारखं माणूस एकच होतं, खिडकीच्या काचेत दिसत होतं.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मुग्धाकडे नाही. सरांना नकोच आहे, त्यांचा पेपर छापायला गेला. त्यानंतर कितीतरी वेळा मी पेशी काढल्या, प्रत्येक वेळी कोरी डिश काळी. सगळं कसं पुस्तकात असतं तसं. आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. जे काही होतं ते - भूत म्हणा, गावचा देव म्हणा, तुम्हाला हवं ते म्हणा - चार वेळा आमच्या मानगुटीवर बसलं. मग मी एक मेल पाठवलं आणि त्याचं समाधान झालं? एवढ्यात? अजून महिनाभर उलट्या डिशेस दाखवल्या असत्या तर सर स्वतः गाडी घेऊन संगमेश्वरला गेले असते, मी सांगते.

काका अजून घरीच आहेत.