रांजणातले मासे

माझ्या वडिलांनी आयुष्यभर मासे धरले आणि एकही खाल्ला नाही. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, मीही नानाच म्हणते. नानांच्या या नादाची गावात फार चेष्टा व्हायची. गिरणा नदीच्या काठी पारावर बसलेली मंडळी ते दिसले की म्हणायची, "नाना, पाप तुमनं आन चव मिस्तरीनी!" नाना हसायचे. त्यात खोटं काही नव्हतं. धरायचे नानांनी आणि खायचे त्यांच्या दोस्ताने, मिस्तरी चाचांनी, ही वाटणी माझ्या जन्माआधीपासून ठरलेली होती.

चाचा एरंडोलला पत्र्याचं काम करायचे. कोठ्या, बादल्या, चाळण्या, कूलरच्या टाक्या. नाना एकदा फवारणीचा गळका पंप घेऊन त्यांच्या दुकानात गेले, त्यावर चाचांनी डाग देता देता मासळीचा विषय निघाला आणि दोघांची गट्टी जमली ती जमलीच. आठवड्यातून एकदा चाचा सायकलवर, पुढे लुनावर आणि शेवटी मुलाच्या मोटारसायकलच्या मागे बसून आमच्या गावी येत. दोघं नदीवर जात. येताना नाना रिकाम्या हाताने आणि चाचा भरल्या पिशवीने.

आईला हे पटायचं नाही. आम्ही तिला माय म्हणतो. मायच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात कांदासुद्धा एकादशीला विचारून यायचा, तिथे मासळी कुठली! तिचा नियम साधा आणि कडक होता. गळ, दोरी, सापळे यातलं काहीही उंबऱ्याच्या आत येणार नाही. ते सगळं गोठ्यामागच्या निंबाला टांगलेलं असायचं. नदीवरून आल्यावर नाना आधी विहिरीवर आंघोळ करायचे, मगच घरात. थंडीत कुडकुडत आंघोळ करणारे नाना पाहून मला मायचा राग यायचा. पण नानांनी तो नियम कधी मोडला नाही, आणि कधी कुरकुरही केली नाही.

दोघांचा खरा शौक होता मरळ. मरळ म्हणजे डोहाच्या तळाशी दबा धरून बसणारा, सापासारख्या डोक्याचा मासा. तो मेलेल्या आमिषाकडे ढुंकूनही बघत नाही, असं नानांचं ठाम मत. गळाला जिवंत, वळवळणारा बारका मासा हवा. म्हणून मरळ धरायच्या आधी बारके मासे जिवंत धरायचे, आणि त्यासाठी सापळे बनवायचे. खरी गंमत तिथेच होती. मला वाटतं, नानांना मरळीपेक्षा सापळाच जास्त आवडायचा.

माझ्या लहानपणी ते पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्या सुतळीने विणून सापळा करायचे. पुढे थंड पेयाच्या मोठ्या बाटल्या आल्या. बाटलीचं तोंड खांद्यापासून कापायचं, उलटं करून आत बसवायचं आणि तारेने शिवून टाकायचं. तापवलेल्या खिळ्याने अंगभर भोकं पाडायची. आत भाकरीचा चुरा, चिमूटभर सरकीची ढेप आणि बुडण्यापुरता दगड. मासा रुंद तोंडातून आत शिरतो, खातो, आणि बाहेर जायची वाट शोधत भिंतीभिंतीने फिरत राहतो. वाट त्याच्या डोक्यावर, मधोमध असते, पण ती त्याला सापडत नाही. याचं मला नेहमी फार वाईट वाटायचं. नाना म्हणायचे, "मानूसबी तसाच करस."

चाचांना बाटली म्हणजे कारागिराचा अपमान वाटायचा. त्यांनी तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा सापळा केला होता. एका बाजूला पत्र्याचं सुबक नरसाळं आत वळवलेलं, वर कडीचं झाकण, धरायला मूठ. नाना त्याला रेशनचा डबा म्हणत. "मिस्तरी, मासा काय रॉकेल ल्हेवाले येतीन का यामा?" चाचा म्हणत, "तुमनी बाटली लगीनमा वाटा, नाना." दोन्ही सापळे शेजारी शेजारी पाण्यात सोडायचे आणि कुणात जास्त सापडले यावर परतेपर्यंत भांडायचे. बहुतेक वेळा बाटलीच जिंकायची. निदान नाना तरी तसं सांगायचे.

गेल्या वर्षी मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले तेव्हा चाचा अंथरुणाला खिळले होते. घशाचा आजार. जळगावच्या दवाखान्यातून त्यांना घरी पाठवलं होतं, आणि घरी पाठवण्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी नानांबरोबर त्यांना भेटायला गेले. पत्रे ठोकून ठोकून झालेले ते दणकट हात चादरीवर पडलेले होते आणि आत हाडंच उरली होती. मला बघवेना. चाचींनी चहा आणला तो मी कसाबसा संपवला.

चाचांचा आवाज गेल्यातच जमा होता. नानांनी कान जवळ नेला. "नाना, घसाखाले काहीच उतरत नही. एकदाव तुमना हातनी मरळ आना. रस्सा पी लिसू, मंग जासू खुशाल."

"जासू म्हने!" नाना खेकसले. "आधी मरळ खा, मंग दखसूत कोन जास ते."

बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले आणि बराच वेळ चपलेत पाय घालत राहिले. मी म्हटलं, जळगावच्या बाजारात मरळ मिळते, मी ह्यांना फोन करते. माझा नवरा दुसऱ्याच दिवशी घेऊनही आला. चाचींनी रस्सा केला. चाचांनी दोन चमचे घेतले आणि मान फिरवली. "बर्फनी शे," एवढंच म्हणाले. मला तेव्हा थोडा रागच आला. मरणाच्या दारात माणसाने इतकं चोखंदळ असावं का? आता वाटतं, त्यांना मासा नकोच होता. त्यांना नानांबरोबरचा एक दिवस हवा होता, आणि तो आता वाटीतूनच मिळण्यासारखा होता.

वैशाखात गिरणेत पाणी कुठलं? वाळू उपसून झालेले खड्डे आणि एक मोठा डोह, इतकंच. पण डोहात मरळ होती. नानांनी तिला वर येऊन श्वास घेताना पाहिलं होतं. अडचण वेगळीच होती. धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली होती. वरच्या गावांचे फोन येत होते, पाणी इथवर पोचलं, तिथवर पोचलं. गाव आनंदात होतं, कारण प्यायच्या पाण्याचे हाल चालले होते. पण पाणी आलं की डोह भरणार, गढूळ होणार, आणि मग कितीतरी दिवस गळ टाकून उपयोग नाही. उद्या दुपारपर्यंत पाणी येईल असा अंदाज होता. म्हणजे उद्याची सकाळ, तेवढीच.

बारके मासे आजच धरायला हवे होते. नाना सकाळीच बाटली घेऊन निघाले, तर चाचांचा मुलगा दारात. हातात तो तेलाचा डबा. "अब्बांनी पाठवला आहे. म्हणाले, नानांना सांग, या वेळी हाच टाका." नानांनी बाटली परत निंबाला टांगली. डब्याचं नरसाळं जिथे गंजलं होतं तिथे बोट फिरवलं. मी मुद्दाम म्हटलं, "नाना, रेशनचा डबा का?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गप."

संध्याकाळी डबा वर काढला तेव्हा मी तिथेच होते. आत मासेच मासे. बोटाएवढे, चंदेरी, डब्याच्या भिंतींवर टपटप आपटत होते. नानांनी तिथूनच चाचांच्या घरी फोन लावला. "मिस्तरी, तुमनाच डबा जिंकना! हारनू मी!" पलीकडून चाचींचा आवाज आला, ते हसताहेत, नाना, खरंच हसताहेत. नानांनी डोळे पुसले आणि म्हणाले, घाम फार आला आहे.

एरवी सापळा रात्रभर पाण्यातच राहिला असता. पण पाणी आधीच पोचलं तर डबा वाहून जाईल, म्हणून त्यांनी मासे घरी आणले. निंबाखाली बादलीत ठेवायला लागले तशी माय ओसरीवर आली. मला वाटलं, आता भांडण होणार. ती म्हणाली, "घरमा आना. रांजणमा ठेवा. आठे मांजर तोंड घाली."

नाना नुसते बघत राहिले. चाळीसएक वर्षांच्या संसारात मासा पहिल्यांदा उंबरा ओलांडत होता. मायने स्वतः न्हाणीजवळचा जुना रांजण घासला, भरला, वर ओलं फडकं टाकलं.  चाचा तिला वहिनी म्हणायचे, ती त्यांना भाऊ म्हणायची. दर आखाजीला ते आंब्यांची पाटी पाठवायचे. तिच्या माळेपेक्षा मोठं असं त्या दिवशी काहीतरी घरात शिरलं होतं, आणि मला माझ्या आईचा अभिमान वाटला.

दिवेलागणीला मी पाहिलं, तर ती रांजणापाशी बसून कणकेच्या बारीक गोळ्या करत होती. पद्मालयाच्या गणपतीला गेलो की ती तळ्यातल्या माशांना अशाच गोळ्या टाकते. पुण्य लागतं म्हणते. परातभर कणीक होती. मी विचारलं तर म्हणाली, "सकाय त्यास्ले मरनंच शे. पोटभर खाईसन तं जातीन." मग थोडं थांबून म्हणाली, "भाऊले तं दोन घास जात नहीत." शेवटची गोळी पडेपर्यंत ती तिथून उठली नाही.

पहाटे मी नानांच्या मागे गेले. त्यांनी फडकं काढलं. पाणी पांढरं झालं होतं, ताकासारखं, आणि आंबूस वास येत होता. सगळे मासे उलटे होऊन वर आले होते. नानांनी हात घालून एकेक उचलला. एखादा तरी हलेल म्हणून दोन बोटांत धरून ते प्रत्येकाला पाण्यात मागेपुढे करत होते. एकही हलला नाही. मग त्यांनी तळातून एक मूठ वर काढली. मुठीत फुगलेली कणीक होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. घाईघाईने रांजण आडवा केला, पाणी मोरीत सोडलं, तळ हाताने खरवडून धुतला. माय पदराला हात पुसत आली तेव्हा रांजण पालथा होता.

"काय व्हयनं?"

"ऊनमुये मरी ग्यात," नाना म्हणाले. "ऊनच भलतं शे औंदा."

माय रांजणाकडे बघत उभी राहिली. मग आत गेली.

नाना तसेच डबा घेऊन नदीकडे धावले. सत्तरीचा माणूस धावतो ते बघवत नाही. पण बारके मासे मागणी केली की येत नाहीत. डबा पाण्यात असतानाच वरून पाणी आलं. आधी वाळूत एक ओली रेघ, मग फेस, मग काड्या-कचऱ्यासकट तांबडं पाणी. बायका हळदकुंकू घेऊन काठावर आल्या, कुणी नारळ फोडला, पोरं ओरडत होती. डोह आमच्या डोळ्यांदेखत नदीत मिसळून गेला. एवढ्या आनंदी माणसांत माझा बाप एकटा डबा छातीशी धरून उभा होता आणि मी त्याला घरी चला म्हणू शकत नव्हते.

पाणी निवळायच्या आत चाचा गेले. नाना एरंडोलला मातीला गेले, मूठभर माती टाकली, आले, विहिरीवर आंघोळ केली. त्यानंतर ते नदीवर गेले नाहीत. डबा आणि बाटली निंबाला शेजारी शेजारी टांगलेले राहिले. वारा आला की एकमेकांवर आपटायचे.

यंदा मी पुन्हा आखाजीला गेले. आमच्याकडे आखाजीला पितरांसाठी घागर भरतात. घरातलं जे माणूस गेलं त्याच्या नावाने मातीची घागर, वर खरबूज आणि आंबा, पुढे पुरणपोळी आणि आंब्याचा रस. आजोबांची घागर दरवर्षी असतेच. यंदा मायने शेजारी दुसरी मांडली होती. कुणाची ते विचारायची गरज नव्हती. शेजारची काकू कुजबुजली, की त्यांच्यात चालतं का हे? माय म्हणाली, तहान तर सगळ्यांनाच लागते.

काकू गेल्यावर मायने दुसऱ्या घागरीपुढे पान वाढलं. नाना ओसरीत खांबाला टेकून बसले होते. मी रसाचं पातेलं धरून उभी. ती घागरीशीच बोलल्यासारखी, पण आम्हाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "भाऊ, मासा माले रांधता येत नही. पुरनपोयीवर भागाडी ल्या." हात जोडले. मग म्हणाली, "तुमनी मरळ मीच घालाडी. पोटभर चारीसन मीच मारी टाक्यात ते मासा."

तिला माहीत होतं. वर्षभर माहीत होतं, आणि एका शब्दानेही तिने ते बोलून दाखवलं नव्हतं.

"ऊनमुये मरनात ते," नाना खांबापासून म्हणाले.

माय वळली. डोळे भरून वाहत होते, तरी आवाज नेहमीसारखा खडा होता. "रातले कोठे ऊन ऱ्हास?"

नाना उठले. गुडघ्यांवर हात ठेवत सावकाश तिच्याजवळ आले, तिच्या शेजारी खाली बसले आणि चाचांच्या घागरीत तांब्याभर पाणी ओतत म्हणाले, "आपला खान्देशमा रातलेबी ऊन ऱ्हास."