रंगमामांनी पाहिलेला एकच सिनेमा

रंगमामांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असायचे, आणि त्या हातांवरून आमच्या गल्लीला पुढची फॅशन कळायची. हात जांभळे दिसले की बायका समजायच्या, आता बाजारात जांभळी पातळं येणार. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून होतं. ते सूत रंगवायचे. घरात तेलुगू, दारात मराठी आणि अंगणात कायम उकळती कढई. दगडानं घासून, रॉकेल लावून, ताक चोळूनही ते हात कधी साफ झाले नाहीत. मामा जेवायला बसले की भातसुद्धा बिचकतो, असं माझी आई म्हणायची. त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं असायचं, "वाळलेला रंग कुणाला लागत न्हाय, ताई. लागतो तो वला."

सिनेमा त्यांनी कधी पाहिला नव्हता. तेव्हा आमच्याकडे लागणारे मराठी सिनेमे बहुतेक काळेपांढरे असत, आणि रंगावर पोट असलेल्या माणसाला तो अपमान वाटायचा. "काळंपांढरं बघायला तिकीट कशाला?" ते म्हणायचे. "आमोशा आणि पुनव फुकट दिसत्यात की."

मी मात्र एकोणिसाव्या वर्षी सिनेमाशिवाय काही बघतच नव्हते. नायिकेसारखी बट कपाळावर यावी म्हणून मी ती साखरेच्या पाण्यानं चिकटवायचे, आणि मग दिवसभर माश्या हाकलायचे. तिच्यासारखी मान वर करून चालताना आमच्या गल्लीतल्या उघड्या गटारात दोनदा पडले. पण कुणी सुधारायला सांगितलं तर मी त्याच्याकडे दयेनं बघायचे. अशी ती थोर मुलगी होती. आज भेटली तर मी तिच्या कानाखाली एक देईन आणि मग जवळ घेईन.

मंद्रूपच्या एका शेतकरी घरात माझं लग्न ठरलं. मुलाबद्दल मी एकही प्रश्न विचारला नाही. मला काळजी साडीची होती. एका सिनेमात नायिकेचं लग्न होतं आणि बोहल्यावर तिनं जी साडी नेसली होती, ती बघायला मी चारदा तिकीट काढलं होतं. सिनेमाचं नाव आता विसरले, साडी नाही.

आमच्यात मंगलाष्टकांना नवरी मामानं दिलेली साडी नेसते, आणि मामाच तिला बोहल्यावर आणून मागे उभा राहतो. माझ्या आईला भाऊ नव्हता. लग्न ठरल्याचं कळल्यावर रंगमामा आपणहून दारात आले आणि आईला म्हणाले, "मामाचं पातळ माझ्याकडं. सूत मी रंगवतो, मेव्हण्याच्या मागावर विणून घेतो." मग माझ्याकडे वळले. "बोल बंगारु, रंग कुठला?" बंगारु म्हणजे तेलुगूत सोनं. मला तसं म्हणणारे जगात ते एकटेच होते.

"त्या सिनेमातल्यासारखी," मी म्हटलं.

"रंग?"

"अगदी तशीच हवी."

"अगं, पण रंग."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की चारदा बघूनही मला रंग माहीत नाही. "लाल," मी ठोकून दिलं. माझी मैत्रीण शकू म्हणाली, जांभळी आहे. आई आतून म्हणाली, "मामाचं पातळ पिवळं असतंय. कसली चर्चा लावलीय?"

मामा विचारात पडले आणि म्हणाले, "थांबा. मी बघून येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला मामा, शकू आणि मी असे तिघं गेलो. मामांनी धुतलेला सदरा घातला होता आणि काखेत कापडी पिशवी होती. पहिला अर्धा सिनेमा ते झोपले. लग्नाचा प्रसंग आला तशी मी त्यांना हलवलं. ते उठले, ताडताड चालत पडद्यापाशी गेले आणि पिशवीतून सुताच्या रंगीत लड्या काढून एकेक लडी नायिकेच्या अंगाला लावून बघू लागले. पडद्यावर मंगलाष्टका चालू, आणि नवरीच्या पोटावर मामांची सावली.

"ओ काका," मागून कुणी ओरडलं, "ती नवरी हाय, दुकान न्हाय."

शिट्ट्या सुरू झाल्या. दारावरचा माणूस बॅटरी घेऊन धावला. मामा त्याला शांतपणे म्हणाले, "थांब बाबा, आता पदर येतोय." शेजारच्या बाईनं मला विचारलं, "तुमच्याबरोबरचे ना ते?" मी म्हटलं, "छे, मी नाही ओळखत." शकूनं मला चिमटा काढला.

बाहेर हाकलून दिलेले मामा आम्हाला फाटकाशी भेटले. एकदम खूश होते. "हिरवी," त्यांनी जाहीर केलं. "कपाळाचं कुंकू बघितलं, ते लाल. साडी त्यापरीस फिकी, म्हंजे लाल न्हाय. मग हातातला चुडा बघितला. नवरीचा चुडा हिरवाच की. साडी बरोब्बर चुड्याएवढी काळी. हिरवी."

एवढी अक्कल त्या अख्ख्या थेटरात दुसऱ्या कुणी लढवली नसेल. पण मला हिरवी नको होती. मी चारदा लाल बघितली होती.

"बंगारु, साड्या तीन हायत," मामा समजावू लागले. "एक पडद्यावरची, ती राखाडी. एक तिच्या अंगावरची, ती हिरवी. एक तुझ्या डोक्यातली. आनि नेसणार तू एकली."

लोक अजून त्यांच्याकडे बोट दाखवून हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, "तुम्हाला सिनेमातलं काय कळतंय? आणि तुम्ही काय माझे खरे मामा आहात?"

त्यांनी लड्या पिशवीत कोंबल्या. "न्हाय तर न्हाय," ते म्हणाले. "सूत मात्र खरं हाय."

त्यानंतर ते आमच्या दारात आले नाहीत. मी माफी मागायला तीनदा निघाले आणि तीनदा उंबऱ्यावरून परतले, कारण त्या सिनेमातली नायिका कुणाची माफी मागत नव्हती. गच्चीवरून चोरून त्यांचे हात तेवढे बघायचे. आठवडाभर ते लाल होते. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांची बायको साडी देऊन गेली. अंगभर लाल, काठ हिरवा. "मामा कुठायत?" मी विचारलं. "कामात हायत," ती म्हणाली, आणि थांबली नाही.

लग्नात भटजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." कुणी आलं नाही. वडिलांनी एका लांबच्या काकांना पुढं ढकललं. मी उठले नाही. मांडवाच्या दाराशी, नव्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून रंगमामा उभे होते, दोन्ही हात पाठीमागे. एवढ्या पाहुण्यांत ते हात मला नको असतील, असं त्यांना वाटलं होतं. आणि तसं वाटायला मीच लावलं होतं.

"मुहूर्त चाललाय," भटजी म्हणाले.

"माझे मामा तिथं उभे आहेत," मी म्हटलं. "त्यांना यायला सांगा, नाहीतर मी बसते इथंच." आवाज नायिकेसारखा लागला नाही, चिरका लागला. मामा आले. मंद्रूपची एक आजी मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, ह्येच्या हाताला काय झालंय?" मामा माझ्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले, "वाळलाय हो आज्जी. लागत न्हाय."

पण मांडवात उकाडा होता आणि हात घामेजले होते. विधी आटोपल्यावर मुलाच्या मामांशी त्यांची गळाभेट झाली, आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या पाठीवर दोन लाल पंजे उमटले. मंद्रूपमध्ये मला पुढं कितीतरी वर्षं 'पंजेवाली सून' म्हणत.

फोटो आले तेही काळेपांढरे. लाल अंग आणि हिरवा काठ मिळून सगळी साडी एकसारखी राखाडी. माहेरपणाला आले तेव्हा मामांनी तो फोटो हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. "बघ बंगारु," ते म्हणाले, "झाली की अगदी तशीच."

पुढं रंगीत सूत बाहेरून येऊ लागलं आणि कढई थंड पडली. मामांचे हात हळूहळू फिके होत गेले. शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला, तर क्षणभर ते हात मला परक्याचे वाटले. ती साडी तोवर कधीच विरली होती. तिच्या दुपट्यात माझी दोन्ही मुलं वाढली.

आता माझी नात प्राजू लग्नाची आहे. तिच्या फोनमध्ये नायिकांच्या घागऱ्यांचे चाळीस फोटो आहेत, आणि माझी तिला नावं ठेवायची हिंमत नाही. परवा तिनं माझा लग्नाचा फोटो फोनमध्ये घातला आणि म्हणाली, "आज्जी, बघ, फोननं रंग भरले." साडी जांभळी झाली होती. एवढ्या वर्षांनी शकू जिंकली. मग मी फोटोत माझ्या मागे बघितलं. माझ्या खांद्यावरचे मामांचे हात एखाद्या कारकुनाचे असावेत तसे स्वच्छ, गव्हाळ. दगड, रॉकेल आणि ताकाला जन्मभर जे जमलं नाही, ते फोननं एका बोटासरशी करून टाकलं होतं.

"साडी राहू दे तशी," मी म्हटलं, "शकूला दाखवते. ते हात तेवढे परत रंगव."

"बरं," प्राजू म्हणाली. "रंग कुठला?"

या खेपेला मला विचार करावा लागला नाही. "लाल," मी म्हटलं. "आणि नखांत थोडा हिरवा."