क्रॅबट्रीच्या थडग्यावरचा वेल

बेरिल हेगला मेलेल्यांची भीती म्हणून कधी वाटली नाही. उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेला. ती म्हणायची, "पोरांपेक्षा मेलेले बरे! ताटात मटार तरी टाकत नाहीत." नवरा गेला, नोकरी संपली, आणि बाई हेथरक्लफच्या जुन्या दफनभूमीची देखभाल करणाऱ्या मित्रमंडळात शिरली ती शिरलीच. रविवारी लोकांना थडगी दाखवत फिरवायची फेरी तिचीच. कोण कुठे पुरलाय, कोण कोणाच्या बायकोला घेऊन पळाला होता, सगळं तोंडपाठ. लोक चिखल तुडवत, हसत तिच्यामागून हिंडायचे आणि शेवटी चॅपलमध्ये चहाबरोबर आल्याचा केक खायचे. तो केकही तिच्याच हातचा.

पण तिच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं, आणि तिथंच सगळं बिघडलं.

टेकाडाच्या माथ्यावर गिरणीमालक जोसाया क्रॅबट्रीचं थडगं होतं. चार खांब, वर दगडी छत, छतावर भलाथोरला कलश. म्हणजे असावं असं सगळे म्हणायचे, कारण आयव्हीच्या वेलानं ते असं गिळलं होतं की दिसायचा नुसता हिरवा ढीग. हिवाळ्यात बेरिल करवत घेऊन गेली. मंडळाची रीत अशी की वेल ओढायचा नाही, बुंध्याशी कापायचा आणि वाळू द्यायचा. तिनं तसंच केलं. उन्हाळा सरता सरता वेल वाळून खडखडीत झाला आणि तिनं तो हातमोजे घालून हळूहळू उतरवला. आतून पिवळसर दगड निघाला, सुरेख कोरलेला. गावच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. मंडळाचा अध्यक्ष नॉर्मन सगळ्यांसमोर म्हणाला, "बेरिलनं म्हाताऱ्याला कबरीतून वर काढलं!" बाई लग्नातल्या मुलीसारखी लाजली.

सप्टेंबरात वारसा दिन आला. त्या दिवशी मंडळी मेलेल्यांच्या काळचे कपडे घालून त्यांच्याच थडग्यापाशी उभी राहतात आणि त्यांची कहाणी सांगतात. क्रॅबट्री व्हायचा सिरिल ऑर्मरॉड. निवृत्त पोस्टमन, स्वभावानं लोण्याचा गोळा, पण उंच टोपी चढवली की असा गुरकावायचा की लहान पोरं आईच्या मागे लपायची. बेरिल शाल पांघरून गिरणीतली कामगारीण व्हायची आणि गर्दीतून त्याच्यावर तुटून पडायची, "खाली उतर, रक्तपिपासू मेल्या!" गावाला दरवर्षी या भांडणाची ओढ. वेलामुळे आजवर ते फाटकाशी व्हायचं. यंदा पहिल्यांदाच खुद्द थडग्याच्या पायरीवर होणार होतं.

आदल्या दिवशी बेरिलनं ती पायरी झाडली. सकाळी येऊन बघते तर पायरीवर पिवळी भुकटी. पुन्हा झाडली. खुर्च्या मांडून परतली तोवर पुन्हा भुकटी. वारा नव्हता, वर पाखरूही नव्हतं. तिनं मान वर केली. वेलाची खोडं जिथं जिथं दगडांत शिरली होती, तिथं तिथं आता काळ्या फटी होत्या, बोट जाईल एवढ्या.

तिनं नॉर्मनला ओढत आणलं. नॉर्मननं दोन्ही तळवे खांबाला लावून जोर केला. दर वसंतात मंडळ एकेक दगड असाच तपासतं. हलला तर पिवळी पट्टी बांधायची, नाही हलला तर पुढे जायचं.

"हललं का? नाही ना?"

"अरे, तू खालून ढकलतोयस. वर कुठं पोचतोय तुझा हात?"

"मग काय, ऐनवेळी रद्द करू? महापौरबाई निघाल्यासुद्धा. आणि मोकळं तर तूच केलंस ना, बाई?"

या शेवटच्या वाक्यानं तिचं तोंड बंद झालं. वेलानं खाल्लेला दगड वेलानंच धरून ठेवला होता, असं म्हणायचं म्हणजे आपल्याच हातांनी काय केलं ते चारचौघांत कबूल करायचं. फोटो आला होता, कौतुक झालं होतं. तिला लाज वाटली. ती शाल आणायला गेली.

दुपारी टेकडी माणसांनी फुलली. सिरिल पायरीवर चढला, खांबाला टेकला आणि गरजला, "माझ्या गिरणीत उशीर चालणार नाही!" लोक खूश. बेरिल गर्दीत उभी होती, पण तिचे डोळे सिरिलवर नव्हतेच. तिला वर कलशाखाली एक रेघ दिसत होती. ती रेघ रुंदावली.

"खाली उतर!" ती किंचाळली.

हशा पिकला. सिरिलनं टोपी सावरली. "ही कोण भवानी ओरडतेय? हिचा पगार कापा!"

"सिरिल! अरे खरंच उतर, वर बघ!"

"सिरिल कोण? मी क्रॅबट्री!" लोक हसून लोटपोट. नावानिशी ओरडणं हा यंदाचा नवा विनोद वाटला त्यांना. ती धक्के देत पुढे घुसली, तर लोकांनी टाळ्या वाजवत तिला वाट करून दिली. तिचा हात सिरिलच्या कोटापर्यंत पोचलासुद्धा. त्यानं हसत हसत तो झटकला, दरवर्षी झटकायचा तसाच.

कलश आधी आला, मागोमाग छत. धूळ उडाली तेव्हाही मागच्या रांगेत दोघं-तिघं टाळ्या वाजवत होते.

सिरिलला गावानं नव्या दफनभूमीत पुरलं. त्यानंतर एका संध्याकाळी त्याची बायको मेव्हिस बेरिलच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"एवढंच सांग. तू ओरडलीस ते नाटकातलं होतं की खरं?"

"खरं होतं, मेव्हिस. देवाशपथ खरं होतं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

बेरिलनं होकारार्थी मान हलवली.

"मग सकाळी का नाही ओरडलीस? तेव्हा कोणी हसलं नसतं गं."

बेरिल चौकट धरून उभी राहिली. आपला फोटो आला होता, लाज वाटली, हे उत्तर मेव्हिसच्या तोंडावर सांगता येण्यासारखं नव्हतं. मेव्हिस कोटाची बटणं लावून रस्त्याला लागली.